यूपीआयला खातं जोडताय? या चुका टाळा

यूपीआयचं अमुक ॲप सुरक्षित आहे का, असं सगळे विचारतात. त्याला कोणतं खातं जोडलंय, हे फारसं कुणी विचारत नाही, आणि नुकसान किती होणार हे तर त्यावरच ठरतं. २०१६ साली यूपीआय सुरू झालं तेव्हापासून त्याची रचना तीच आहे. पैसे ॲपमध्ये नसतात, बँकेतच असतात. ॲप बँकेला निरोप पोचवतं, पिन जुळला की बँक पैसे सोडते. वॉलेटमध्ये दोन हजार भरले असतील तर फार तर ते दोन हजार जातील. यूपीआयच्या मागे मात्र अख्खं खातं उभं असतं.

पगाराचं खातंच जोडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ज्या खात्यात पगार येतो, गृहकर्जाचा हप्ता जातो आणि चार पैसे साठलेले असतात, तेच खातं वडापावचे वीस रुपये द्यायलाही वापरलं जातं. एका व्यक्तीकडून दुसऱ्याला पैसे पाठवायची मर्यादा साधारणपणे दिवसाला एक लाख रुपये असते. एवढी मर्यादा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रात्री पावणेबाराला एक लाख आणि बारा वाजून पाच मिनिटांनी दुसरा लाख, असे व्यवहार फसवणुकीत होतात.

उपाय साधा आहे. खर्चासाठी वेगळं खातं उघडा, तेही दुसऱ्या बँकेत. त्याच बँकेत उघडलं तर ॲपमध्ये 'खातं जोडा' दाबल्यावर त्या मोबाइल नंबरवरची त्या बँकेतली सगळी खाती समोर येतात, मोठं खातंही त्यात दिसतं. किमान शिल्लक ठेवायची कटकट नको असेल तर मूलभूत बचत खातं मागा. त्याला किमान शिल्लक लागत नाही. मात्र ज्या बँकेत हे खातं असेल तिथे दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, त्यामुळे वेगळी बँक निवडणं तसंही सोयीचं. महिन्यातून दोनदा पाच-सात हजार तिकडे वळवा आणि यूपीआयला फक्त हेच खातं जोडा.

इथे एक खाच आहे. खात्यावर ऑटो स्वीपची सोय असेल तर शिल्लक आठ हजार दिसत असली तरी मागची मुदत ठेव गरजेप्रमाणे आपोआप मोडली जाते. स्टेट बँकेत तिला मल्टी ऑप्शन डिपॉझिट म्हणतात, ती हजाराच्या पटीत मोडते. खात्यात पैसे कमी ठेवलेत म्हणून निश्चिंत राहिलेल्या माणसाची ठेवच अशी रिकामी होऊ शकते. ओव्हरड्राफ्टचं, म्हणजे शिल्लक संपल्यावरही बँकेच्या उधारीवर पैसे काढता येण्याच्या सोयीचंही तसंच. जोडण्याआधी शाखेत विचारून घ्या की या खात्याला स्वीप किंवा ओव्हरड्राफ्ट लागू आहे का, आणि असेल तर काढून टाका.

किरकोळ खर्चाला यूपीआय लाइट चांगलं, म्हणजे ॲपमध्येच थोडे पैसे वेगळे काढून ठेवायची सोय. त्यात जास्तीत जास्त पाच हजार ठेवता येतात, एका वेळी हजारापर्यंत देता येतात, पिन लागत नाही. पिन लागत नसल्यामुळे फोन उघडा असताना कुणाच्या हाती पडला तर लाइटमधले पैसे गेलेच म्हणून समजा. पाच हजार भरायलाच हवेत असं नाही, हजारभर पुरतात.

पिन, कार्ड आणि सिम एकाच कव्हरमध्ये

पुष्कळांना वाटतं की प्रत्येक ॲपचा पिन वेगळा. यूपीआय पिन ॲपचा नसतो, खात्याचा असतो. एकच खातं तीन ॲपमध्ये जोडलं तर तिन्हीकडे तोच पिन चालतो. म्हणून तो एटीएमच्या पिनसारखा ठेवू नका आणि बँक सहा अंक देत असेल तर चारावर थांबू नका.

पिन विसरला तर नवा करायला काय लागतं ते एकदा नीट बघा: डेबिट कार्डावरचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि मोबाइलवर येणारा ओटीपी. काही बँका एटीएम पिनही मागतात, सगळ्या नाही. आता फोनच्या मागच्या कव्हरमध्ये एटीएम कार्ड खोचून लोकलमध्ये चढणाऱ्या माणसाचा विचार करा. फोन मारला की चोराला कार्ड, सिम आणि ओटीपी, तिन्ही एकदम मिळतात. फोनला बोटाचं लॉक असून उपयोग नाही, कारण तो सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो.

त्यावर इलाज म्हणजे सिमला स्वतःचं लॉक लावणं. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात 'सिम लॉक' असतं. ते चालू केलं की सिम दुसऱ्या फोनमध्ये गेल्यावर आधी सिमचा पिन मागितला जातो. चालू करताना कंपनीचा मूळ पिन टाकावा लागतो. तो ठाऊक नसेल तर अंदाज मारू नका. तीनदा चुकला की सिम बंद होतं आणि ते उघडायला कंपनीकडे पीयूके कोड मागावा लागतो. आणि कार्ड त्या कव्हरमधून आजच बाहेर काढा.

फोन गेलाच तर क्रम असा ठेवा. पहिला फोन मोबाइल कंपनीला, सिम बंद करायला. दुसरा बँकेला, यूपीआय आणि डेबिट कार्ड थांबवायला. मग पोलिसात तक्रार, आणि तिची प्रत जोडून केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बंद करणं. तो नंबर *#०६# दाबून आधीच लिहून ठेवलेला बरा.

पैसे घेण्यासाठी पिन टाकणं

पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, हे हजारदा सांगून झालंय. तरी जुना सोफा विकताना 'हा क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील' असं समोरून आलं की माणूस स्कॅन करतोच. ही फसवणूक चालत होती त्यातला एक मार्ग आता बंद झालाय: १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोय काढून टाकली. व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या मागण्या आणि क्यूआर मात्र आहेत तसेच आहेत.

उलट बाजूने एक अफवाही फिरते. कुणीतरी तुम्हाला थोडे पैसे पाठवतं, तुम्ही शिल्लक बघायला पिन टाकता आणि खातं साफ होतं, अशी. यूपीआयमध्ये असं होत नाही. शिल्लक बघायला टाकलेला पिन त्याच कामापुरता असतो. दुसरी मागणी मंजूर करायला ती उघडून, 'पैसे द्या' दाबून, पुन्हा पिन टाकावा लागतो. अशा मेसेजांना घाबरून शिल्लक बघणं सोडू नका.

खरा धोका एपीके फाइलींचा आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, आरटीओचं चलान येतं, 'आज रात्री वीज तोडली जाईल' म्हणून महावितरणच्या नावाने मेसेज येतो आणि सोबत फाइल असते. फाइलचं नाव एपीकेने संपत असेल तर ते कागदपत्र नाही, ॲप आहे. ते बसवलं आणि एसएमएसची परवानगी दिली की तुमचे ओटीपी गुपचूप पुढे पाठवले जातात. बसवून झालंच असेल तर फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा, मग ॲप काढा किंवा फोन फॅक्टरी रीसेट करा. 'मदत करतो' म्हणत स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला लावणाऱ्याचा फोन सरळ कापा. ग्राहक सेवेचा नंबर गुगलवर शोधून लावू नका. कार्डाच्या मागे छापलेला नंबर वापरा.

ॲप काढलं म्हणजे जोडणी तुटली असं समजणं

ॲप फोनमधून उडवलं तरी यूपीआय आयडी आणि ऑटोपेची, म्हणजे ठरावीक पैसे आपोआप कापून घेण्याची, परवानगी जिवंत राहते. 'पहिला महिना एक रुपया' म्हणून घेतलेली वर्गणी पुढच्या महिन्यात पूर्ण रकमेने कापली जाते ती यामुळेच. ऑटोपेला पहिल्यांदा पिन लागतो, त्यानंतर पंधरा हजारांपर्यंतचे हप्ते पिनशिवाय जातात. म्युच्युअल फंड, विमा आणि क्रेडिट कार्डाच्या बिलांना ही मर्यादा एक लाख आहे. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, पण जाहिरातींच्या गर्दीत ती वाचतो कोण?

ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मॅंडेट' नावाचा भाग उघडा आणि नको ती परवानगी रद्द करा. खातं काढायचं असेल तर आधी परवानग्या रद्द, मग खातं काढणं, मग यूपीआय आयडी बंद करणं आणि शेवटी ॲप.

छोट्या रकमांसाठी काही बँका आता एसएमएस पाठवत नाहीत. महिन्यातून एकदा पासबुक किंवा स्टेटमेंट बघायला पर्याय नाही.

नंबर बदलला, बँकेला सांगितलं नाही

बंद पडलेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तुमच्या खात्याला तोच जुना नंबर असेल तर ओटीपी अनोळखी माणसाकडे जातील. बंद झालेल्या नंबरांची यादी तपासून असे यूपीआय आयडी काढायचे आदेश बँकांना आहेत, पण त्यावर विसंबू नका. नवं सिम घेतलं त्याच आठवड्यात शाखेत अर्ज द्या. गावाकडे वडिलांच्या खात्याला मुलाचा नंबर असतो. मुलाने नंबर बदलला की वडिलांचं खातंही अडकतं.

जोडणीच होत नसेल तर आधी याच गोष्टी तपासा. नोंदणीच्या वेळी फोनमधून एक एसएमएस आपोआप जातो. रिचार्ज संपलेलं असेल किंवा दोन सिमपैकी चुकीचं निवडलं असेल तर तिथेच गाडी अडते. संयुक्त खातं 'दोघांपैकी कुणीही' पद्धतीचं असेल तर जोडता येतं; दोघांच्या सह्या लागत असतील तर नाही. नव्या फोनवर पहिले २४ तास साधारण पाच हजारांचीच मर्यादा असते, तेव्हा लग्नाच्या खरेदीला जायच्या दिवशी फोन बदलू नका.

सगळं एकाच बँकेच्या भरवशावर

५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिच्यामार्फत चालणारं फोनपे बंद पडलं. ज्यांची खाती दुसऱ्याच बँकेत होती त्यांचेही व्यवहार अडकले. १३ फेब्रुवारी २०२५ ला मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना स्वतःचेच पैसे काढता येईनात. खिशात पाचशेची एक नोट आणि फोनमध्ये वेगळ्या बँकेमार्फत चालणारं दुसरं ॲप, एवढी तजवीज पुरते.

पैसे कापले, पोचले नाहीत

'प्रलंबित' दिसलं की लगेच पुन्हा पैसे पाठवू नका, दोनदा जातील. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यक्तीला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. ॲपमधून त्या व्यवहारावर तक्रार टाका आणि बारा अंकी संदर्भ क्रमांक लिहून ठेवा.

चुकीच्या माणसाला पाठवले तर प्रकरण वेगळं. समोरच्याच्या संमतीशिवाय बँक ते परत खेचू शकत नाही. पिन टाकण्याआधी ॲप बँकेत नोंदलेलं नाव दाखवतं, ते वाचा.

दुकानदारांना आणखी एक त्रास भोगावा लागतो. गिऱ्हाईकाने दिलेले दोनशे रुपये मुळात फसवणुकीचे असले तर कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातले सायबर पोलीस तुमचं खातं गोठवायला सांगू शकतात. अशा वेळी शाखेत भांडून उपयोग होत नाही. बँकेकडून तक्रारीचा पोचपावती क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि वादातली रक्कम लेखी मागा. मग बिलाच्या प्रतीसह त्या ठाण्याला ईमेल करा आणि पूर्ण खात्याऐवजी फक्त तेवढीच रक्कम गोठवा, अशी मागणी करा. दुकानाचं खातं घरखर्चापासून वेगळं असलं तर निदान घरात चूल पेटत राहते.

फसवणूक झालीच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकत जातात, अडवायला वेळ फार थोडा असतो. आधी नातेवाइकांना विचारत बसू नका. मग केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार आणि बँकेला लेखी कळवणं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष तुमचाही नाही आणि बँकेचाही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजी दिवसांत दिली तर तुमच्यावर काही बोजा नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत दिली तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांचा, मूलभूत खात्याला पाच हजारांचा. त्यानंतर बँकेच्या धोरणावर अवलंबून. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला फी नाही, वकीलही लागत नाही.