दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं गोठ्यावर: आश्विन-कार्तिकातली जनावरांची काळजी

परतीचा पाऊस ओसरला की गोठ्यावर कामांची एकदम दाटी होते. सोयाबीनची मळणी, रब्बी ज्वारीची पेरणी, मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), व्यायला आलेल्या म्हशी, लाळ्या-खुरकुताची लस, सगळं चार-सहा आठवड्यांत येऊन पडतं. नेमक्या याच दिवसांत पुण्या-मुंबईहून लेकी-सुना पोरं घेऊन घरी येतात. कर्ती माणसं रानात असतात आणि गोठ्यावर आजी-आजोबा नि नातवंडं उरतात. हा सल्ला त्या आजी-आजोबांसाठी.

पोरांना गोठ्यापासून लांब ठेवू नका, असं माझं ठाम मत आहे. मात्र त्यांना ताकदीचं काम देऊ नका, नजरेचं द्या. कोणती गाय रवंथ करत नाही, कोणत्या वासराची शेपटी घाणीनं भरली आहे, कुणाच्या कानात गोचीड आहे, हे दहा वर्षांच्या पोराला आपल्याआधी दिसतं. आपला डोळा रोज बघून सरावलेला असतो, त्यांचा नसतो. एक वही आणि पेन्सिल गोठ्याच्या खुंटीला अडकवा आणि दिसेल ते तारीख-वेळेसह लिहायला सांगा. डॉक्टर आले की पहिला प्रश्न 'कधीपासून?' हाच असतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक घरांत अंदाजानं दिलं जातं.

पहिली नोंद श्वासाची. ऑक्टोबरचं ऊन पावसाळ्यानंतर अचानक चढतं, हवेत दमटपणा असतो आणि संकरित गाईंना ते फार जड जातं. सावलीत निवांत बसलेल्या गाईची कूस एका मिनिटात किती वेळा वरखाली होते, ते दुपारी मोजायला लावा. आकडा ६० च्या वर गेला तर गाय उष्णतेच्या ताणात आहे, हे नक्की समजा. मग वैरणीचा मोठा वाटा पहाटे आणि संध्याकाळी द्या, दुपारी अंगावर पाणी मारून वारा लागू द्या. दुभत्या गाईला दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. दोन वेळा बादली दाखवून ते भागत नाही, पाणी दिवसभर पुढ्यात हवं. टाकीत पाणी आहे का, हे बघायची जबाबदारी एका नातवाकडे द्या आणि टाकीला आठवड्यातून एकदा चुना लावा. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे तिला दोन वेळा धुवावंच लागतं. रात्री मात्र गारठा सुरू झालेला असतो. लहान वासरांखाली कोरडा पेंढा पसरा.

आपल्याकडे म्हशी विण्याचा मोठा हंगाम हाच. पारडू जन्मलं की पोरांना खरवस आठवतो आणि आजीचा हात चरवीकडे जातो. पण पहिल्या दिवसाचा चीक पारडाचा आहे, त्यात वाटणी नाही. जन्मल्यापासून तासा-दोन तासांत पहिला चीक पोटात जायला हवा. पहिल्या दिवसभरात मिळून वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे ३० किलोच्या पारडाला ३ लिटर, दोन-तीन वेळा विभागून द्या. रोगाशी लढायची ताकद त्याला या चिकातूनच मिळते, आणि दिवस उलटला की आतडी ती शोषून घेत नाहीत. वार (गर्भाबरोबरची झिल्ली) पडल्याशिवाय चीक काढायचा नाही, ही पद्धत अजून बऱ्याच गावांत आहे. ती सोडून द्या. त्या वाट बघण्यात पारडं दगावतात. उलट, पारडू पिऊ लागलं की वार पडायला मदतच होते. खरवस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चिकाचा करा, तोही पारडाचं पोट भरल्यावर. जन्माची वेळ आणि पहिल्या चिकाची वेळ वहीत लिहायला सांगा, म्हणजे मोठ्यांनाही उशीर करता येत नाही. नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं काम मात्र मोठ्यांनीच करावं.

वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा. वारेला दगड बांधू नका, ओढू नका. पडलेली वार आणि गाभडलेलं वासरू यांना पोरांचा हात लागता कामा नये. ते चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका. सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेलोसिस माणसालाही होतो, आणि तो वार, स्राव आणि कच्च्या दुधातून येतो. धारोष्ण दूध पोरांना पाजायची हौस अनेक आजोबांना असते. माया समजते, पण दूध उकळूनच द्या.

व्याल्यावर पहिले दोन-तीन दिवस जास्त दुधाची गाय किंवा म्हैस मान कुशीकडे वळवून बसली, कान गार लागले, उठेना, तर तो दुग्धज्वर समजा. शिरेतून कॅल्शियम लागतं आणि ते डॉक्टरच देतात. बसलेल्या जनावराला तोंडावाटे काही ओतायला जाऊ नका, औषध फुफ्फुसात उतरतं.

पारडं या दिवसांत जुलाबानं आणि जंतानं मरतात. मातकट पांढरी, घाण वासाची हगवण लागली, केस उभे राहिले, पोट सुटलं, की गोलकृमी आहेत असं धरून चाला. दहाव्या-बाराव्या दिवशी जंताचं पहिलं औषध डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्या. रेडकू आहे म्हणून हयगय करणारी घरं आहेत. नातवंडांसमोर तरी तसं करू नये, आणि खरं म्हणजे कधीच करू नये.

म्हशींचा माजही याच काळात येतो आणि तो मुका असतो. ती गाईसारखी ओरडत किंवा दुसरीवर चढत नाही. दूध चोरते, वारंवार थोडं थोडं मुतते, शेपटी जरा उचलून धरते, बळस (चिकट स्राव) दिसतो, तोही बहुधा पहाटे किंवा रात्री उशिरा. पहाटे उठणाऱ्या आजोबांनी बघायचं आणि उठल्यावर नातीनं लिहायचं, अशी विभागणी करा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन. हुकला तर एकवीस दिवसांनी परत लक्ष ठेवायची तारीखही वहीत लगेच लिहून टाका.

पावसाळ्यानंतर गोचीड वाढतात. थायलेरिया, बबेसिया हे गोचीड ताप त्यांच्यातूनच येतात. ताप, सुजलेल्या गाठी, लालसर-काळपट लघवी यांपैकी काहीही दिसलं तर वेळ काढू नका. औषध फक्त जनावरावर मारून भागत नाही, कारण पोटभर रक्त प्यालेली मादी खाली उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. फटी, गव्हाणीचा बुडखा, खुंट्यांची भोकं यांवरही फवारा मारा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मारा. फवारणीआधी जनावराला पाणी पाजून घ्या आणि अंग वाळेपर्यंत चाटू देऊ नका. त्या वेळी पोरं घरात. पोरांना गोचीड उपटून नखानं चिरडायचा नाद असतो, तो बंदच करा. गोचिडांमधून माणसाला होणारा काँगो ताप २०११ मध्ये शेजारच्या गुजरातमध्ये आढळला होता. गोचीड दिसला की पोरानं फक्त जागा दाखवायची.

लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा घ्यायची असते, आणि पावसाळ्यानंतरची फेरी चुकवू नये. लसीनंतर एक-दोन दिवस दूध थोडं कमी होतं म्हणून टाळणारे लोक पुढं महिनाभराचं दूध घालवतात. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर लसीकरणाच्या वेळी लागतो. सगळ्या जनावरांचे नंबर मोबाइलवर फोटो काढून वहीत उतरवायला एखाद्या सातवी-आठवीच्या पोराला सांगा, ते हौसेनं करतं. कालवडी चार ते आठ महिन्यांच्या असतील तर ब्रुसेलाची लस विचारून घ्या. ती जिवंत लस असते, टोचताना पोरं जवळ नकोत. अंगावर गाठी दिसल्या तर लम्पीची शंका धरून जनावर वेगळं बांधा. २०२२ च्या साथीत बरीच घाबरगुंडी उडाली होती, पण लम्पी माणसाला होत नाही.

तोंडातून लाळ गळणाऱ्या जनावराच्या तोंडात मात्र कुणीच हात घालायचा नाही, 'काही अडकलंय का बघतो' म्हणूनही नाही. लाळ्या असेल तसा पिसाळलेल्या कुत्र्याचा चावाही असू शकतो.

वसुबारसेला सवत्स गाईची पूजा होते आणि दारोदारच्या घास-नैवेद्यानं एका गाईच्या पोटात पुरणपोळ्या, भाकऱ्या, शिजलेलं धान्य जातं. रोज वैरणीवर असलेल्या गाईला एकदम एवढा पिठूळ, गोड खुराक पडला की पोटातली आम्लता वाढते. रवंथ थांबतो, आंबूस वासाचं पातळ शेण पडतं, गाय झोकांड्या खाते. यातून गाय जातेही. घास पानावर ठेवा, एक पोळी पुरे. पुढं येणाऱ्या बायाबापड्यांना नम्रपणे सांगायचं काम नातीला द्या, तिचं कुणी मोडत नाही. त्याऐवजी हिरव्या गवताची पेंढी द्यायला सुचवा. शिंगांना ऑइल पेंटऐवजी गेरू लावा. मळणीच्या ढिगाला जनावर लागू नये म्हणून दावं तपासा, कारण सोयाबीनचे दाणे पोटभर खाल्ले की पोट फुगतं. कापलेल्या खरिपाच्या ज्वारीच्या खोडव्याला फुटलेले कोवळे कोंब हिरवेगार दिसतात, पोरं तिकडं जनावर सोडतात आणि किरळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष बाधतं. अर्ध्या तासात जनावर आडवं होतं. त्या रानात फुलोऱ्याआधी चारायचं नाही, हे पोरांना जागेवर नेऊन दाखवा.

पाडव्याला शेणाच्या गवळणी घालायला बसणाऱ्या पोरांच्या हाताला जखम नाही ना, एवढं बघा. शेण-मातीतून धनुर्वात होतो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस राहिली असेल तर सुट्टीतच गावच्या आरोग्य केंद्रात देऊन घ्या. वासराच्या अंगावर गोल, खपलीचे चट्टे असतील तर तो नायटा पोरांनाही लागतो. त्या वासराशी खेळ नको.

आता तीन जागांबद्दल, जिथं मी कुठलीही सूट देणार नाही. पहिली कडबाकुट्टी, म्हणजे वैरण बारीक कापायचं यंत्र. मोटरची असेल तर काम झाल्यावर मेन स्विच बंद करून खोलीला कुलूप, हाताची असेल तर चाकाला साखळी. शेतीची वीज अवेळी येते, मग घाईत कुट्टी सुरू होते आणि तेवढ्यात कोण पोर कुठं आहे याचं भान राहत नाही. मशीन चालवणाऱ्यानं सुरू करण्याआधी पोरांची हजेरी घ्यावी. ओढणी, मफलर, सैल बाही घालून कुणीही पेंढी सारायची नाही. तरी बोट तुटलंच तर जखम स्वच्छ कापडानं दाबून धरा, तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात, मग प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून थेट मोठं रुग्णालय गाठा. तुकडा बर्फात उघडा टाकू नका.

दुसरी जागा शेततळं. ऑक्टोबरात ते काठोकाठ असतं आणि प्लास्टिकच्या कागदावरून पोहणाराही वर येऊ शकत नाही. कुंपण घाला, चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा, एक टायरची ट्यूब काठावर बांधून ठेवा. गोबरगॅसचा हौद आणि स्लरीचा खड्डा याच यादीतले. त्यात कुणी पडलं तर मागोमाग उतरू नका, आतल्या वायूनं दुसराही जातो.

तिसरी, वैरणीची गंजी. फटाक्याच्या एका ठिणगीनं वर्षाचा कडबा जातो, शेजारी गोठा असेल तर जनावरंही जातात. फटाके गंजीपासून लांब, वाऱ्याची दिशा बघून, पाण्याची बादली जवळ ठेवून उडवा. आवाजाआधी धार काढून घ्या, कारण घाबरलेली म्हैस पान्हा सोडत नाही. त्या रात्री दाव्याला सुरगाठ मारा, म्हणजे वेळ आली तर एका ओढीत सुटते. गंजीत साप असतातच, पेंढी काठीनं हलवून मगच हात घालावा.

वैरण साठवताना घाई करू नका. परतीच्या पावसात भिजलेला पेंढा किंवा सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा) ओली रचली तर बुरशी येते आणि आतून तापून पेटतेही. मुरघासाला मका दाणा चिकात असताना कापा, मुठीत कुट्टी दाबून सोडल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि हात फक्त ओलसर झाला की ओल बरोबर आहे. पिशवी भरताना पायांनी दाबायला पोरं लागतात, हे त्यांचं हक्काचं काम आहे, फक्त अनवाणी आणि मोठ्यांच्या समोर. तोंड हवाबंद करा, पिशवीवर तारीख लिहा, ४५ दिवस उघडू नका.

बरसीम आणि लसूणघास पेरायला हाच महिना, हेक्टरी साधारण २५ ते ३० किलो बी. बरसीमचं बी नवीन रानात टाकत असाल तर जिवाणूसंवर्धक चोळून पेरा, नाहीतर मुळांवर गाठी धरत नाहीत आणि पीक पिवळं पडतं. पहिली कापणी ४५ ते ५० दिवसांनी येते. सुरुवातीला ती थोडीच द्या, दव वाळल्यावर आणि आधी वाळकी वैरण चारून, कारण ओल्या कोवळ्या बरसीमनं पोट फुगतं. पोट फुगलेलं दिसलं किंवा रात्री-अपरात्री काही अडलं, तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा नंबर वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला नातवाला सांगा.