कागदपत्र कार्यालयाबाहेर जाण्यापूर्वी त्यातील वैयक्तिक माहिती कशी काढावी

सार्वजनिक कार्यालयाला माणूस आपली माहिती हौसेने देत नाही. दाखला हवा असतो, अनुदान हवे असते, उपचार हवे असतात, म्हणून तो नाव, पत्ता, उत्पन्न, आजार, घरातले वाद असे सगळे अर्जात लिहून देतो, आणि हे कार्यालय पटले नाही म्हणून दुसरे निवडण्याची सोय त्याला नसते. त्याच कार्यालयावर आपले निर्णय, खर्च आणि पत्रव्यवहार मागेल त्याला दाखवण्याचीही जबाबदारी असते. या दोन्ही जबाबदाऱ्या बाहेर जाणाऱ्या प्रतीवर एकत्र येतात. अशा प्रती तयार करण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे आणि माझ्या पाहण्यात बाहेर फुटलेली बहुतेक माहिती कोणी चोरून नेलेली नव्हती. ती कार्यालयातल्याच कोणीतरी, सद्भावनेने, स्वतःच्या हाताने पाठवलेली होती.

कोणती माहिती द्यायची आणि कोणती रोखायची याचा लेखी निर्णय सक्षम अधिकाऱ्याने घेतलेला आहे, आणि काम मूळ नस्तीवर नव्हे तर तिच्या प्रतीवर चालले आहे, हे मी गृहीत धरतो.

पहिली पायरी : पूर्ण वाचा आणि खुणा करा

संगणकात नाव शोधून सापडेल तेवढेच झाकण्यावर विसंबू नका. एकाच माणसाचे नाव एका कागदपत्रात चार प्रकारे लिहिलेले असते आणि एखाद्या ठिकाणी ते चुकीचेही टंकलेले असते. समास, पानाची मागची बाजू, स्वाक्षरी, शिक्का, ईमेलच्या वरच्या भागातील पत्त्यांची रांग आणि खुद्द फाइलचे नाव या जागा नेहमी सुटतात. मी दोनदा वाचतो. पहिल्यांदा नावे व क्रमांकांसाठी, आणि दुसऱ्यांदा, माणसाला ओळखणारा शेजारी किंवा सहकारी हा मजकूर वाचेल तर त्याला काय कळेल, एवढाच प्रश्न मनात ठेवून. ‘विभागातील एकमेव महिला अभियंता’ असे लिहिलेले असेल, तर नाव झाकून काहीच साधत नाही.

नावाच्या जागी क्रमांक घातला की काम झाले, हा सल्ला मला अजूनही ऐकवला जातो आणि तो घातक आहे. 2006 साली एओएल या अमेरिकी कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी इंटरनेटवर काय काय शोधले त्याच्या नोंदी, नावांऐवजी क्रमांक देऊन, अभ्यासकांसाठी खुल्या केल्या. त्या नोंदींवरूनच पत्रकार एका वृद्ध महिलेच्या घरापर्यंत पोहोचले. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी 1990 च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिले होते की पाच अंकी पिनकोड, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे 87 टक्के लोक बहुधा एकमेव ठरतात. म्हणून जन्मतारखेऐवजी वयोगट द्या, आणि पूर्ण पत्त्याऐवजी मोठा प्रदेश द्या.

दुसरी पायरी : झाकू नका, काढून टाका

माझी मोठी चूक याच पायरीवर झाली. मी नवा होतो. एका चौकशी अहवालाची चौदा पानांची पीडीएफ द्यायची होती. तक्रारदार आणि साक्षीदार यांच्या नावांवर मी काळजीपूर्वक काळे चौकोन काढले, पान मोठे करून प्रत्येक चौकोनाची कड तपासली आणि फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी ती मिळालेल्या गृहस्थांचा फोन आला. त्यांना उत्तरात उद्धृत करण्यासाठी एक परिच्छेद हवा होता. त्यांनी तो माउसने निवडला, आपल्या पत्रात चिकटवला आणि काळ्या चौकोनाच्या जागी तक्रारदार महिलेचे पूर्ण नाव उमटले. ते नाव त्यांनी मला फोनवर वाचून दाखवले. नाव बाहेर जाणार नाही या आश्वासनावरच त्या महिलेने जबाब दिला होता. तिला सांगायला मी स्वतः गेलो. तिने एवढेच विचारले, “पत्तापण गेला का?” पत्ताही गेला होता.

पीडीएफमध्ये अक्षरे आणि चौकोन या दोन वेगळ्या वस्तू असतात. चौकोन अक्षरांवर ठेवला जातो. खालची अक्षरे फाइलमध्ये जशीच्या तशी राहतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत, संगणकाला दिसतात. जानेवारी 2019 मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदपत्रातील झाकलेला मजकूर पत्रकारांनी असाच निवडून, चिकटवून वाचला होता, म्हणजे ही चूक नवख्या कारकुनाचीच असते असेही नाही.

यावर सांगितले जाणारे बरेचसे उपाय निरुपयोगी आहेत. वर्डमध्ये अक्षरांना काळी पार्श्वभूमी देऊन पीडीएफ केली तर अक्षरे पीडीएफमध्ये उतरतात. वर काळे चौकोन ठेवलेली फाइल ‘प्रिंट टू पीडीएफ’ केली तरी अनेकदा खालची अक्षरे टिकून राहतात. पासवर्ड लावण्याने काहीच होत नाही, कारण ज्याला फाइल द्यायची त्याच्यापासूनच तो मजकूर लपवायचा आहे. अंक धूसर करण्यावर तर मुळीच भरवसा ठेवू नका; अंक दहाच असतात, त्यामुळे धूसर ठिपक्यांची तुलना करून मूळ क्रमांक शोधता येतो. स्कॅन केलेले पान म्हणजे नुसते चित्र, असेही समजू नका. स्कॅनरवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखण्याची सोय, सुरू असेल तर त्या चित्रामागे अक्षरांचा अदृश्य थर असतो आणि चित्र कितीही काळे केले तरी तो तसाच राहतो.

योग्य मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे पीडीएफच्या सॉफ्टवेअरमधील रिडॅक्शनचे, म्हणजे मजकूर कायमचा काढून टाकण्याचे, खास साधन. यात आधी खूण करायची असते आणि नंतर ती ‘लागू’ करायची असते, आणि खुणा करून फाइल जतन करणारे पण लागू करायला विसरणारे लोक मी बरेच पाहिले आहेत. लागू केल्यावर त्याच साधनातील लपलेली माहिती काढण्याची क्रिया चालवा, म्हणजे टिप्पण्या, जोडलेल्या फाइली आणि लेखकाचे नाव निघून जाईल. त्यानंतर फाइल नव्या नावाने जतन करा, कारण काही सॉफ्टवेअर त्याच फाइलमध्ये बदल शेवटी जोडत जातात आणि जुना मजकूर आत शिल्लक राहतो.

दुसरा मार्ग कागदाचा आहे, आणि चांगले सॉफ्टवेअर नसेल तर मी निःसंकोचपणे तोच सुचवतो. पान छापा, झाकायच्या ओळीवर जाड पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवा आणि त्या पानाची झेरॉक्स द्या. मार्कर मला आवडत नाही. मार्करने काळे केलेले पान उजेडासमोर तिरके धरले की छापील अक्षरे चमकतात. मार्करच वापरावा लागला, तर मार्कर मारलेला कागद कधीही देऊ नका, त्याची झेरॉक्स द्या. आणि स्कॅन करायचे असेल तर ग्रेस्केलवर (राखाडी छटांवर) नव्हे तर निव्वळ कृष्णधवल सेटिंगवर, ओसीआर बंद ठेवून करा. पट्टीची लांबी नावाच्या लांबीएवढी ठेवू नका. झाकलेले नाव दोघांपैकीच एकाचे असू शकत असेल आणि एकाचे नाव दोन अक्षरी असेल, तर पट्टीच उत्तर सांगते. कागदाच्या मार्गात एक उणीव आहे, ती लक्षात ठेवा : दृष्टिहीन व्यक्तीचे वाचनयंत्र अशी चित्रफाइल वाचू शकत नाही, त्यामुळे अर्जदाराची तशी गरज असेल तर पहिलाच मार्ग घ्यावा लागतो.

तिसरी पायरी : तक्ता असेल तर नवा बांधा

एक्सेलच्या फाइलीतून नको ते काढत बसणे मी पूर्ण सोडून दिले आहे. स्तंभ लपवलेला असतो, शीट लपवलेली असते, अक्षरे पांढऱ्या रंगात असतात, आणि पिव्होट टेबल (मोठ्या तक्त्यावरून आपोआप बेरजा मांडणारा सारांश) असेल तर बेरजेमागची मूळ नोंद न नोंद फाइलमध्येच साठवलेली असू शकते. मूळ शीट पुसली तरी बेरजेच्या आकड्यावर दोनदा क्लिक केल्यावर ती पुन्हा उघडते.

ऑगस्ट 2023 मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहितीच्या अर्जाला उत्तर म्हणून एक एक्सेल फाइल दिली. विचारले होते ते कोणत्या हुद्द्यावर किती कर्मचारी आहेत एवढेच. पण फाइलमधल्या एका लपलेल्या शीटमध्ये नऊ हजारांहून अधिक अधिकारी व कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणे होती, आणि ती फाइल काही तास इंटरनेटवर सर्वांसाठी खुली राहिली. तिथले पोलीस आपण काय काम करतो हे नातेवाइकांपासूनही लपवतात, कारण त्यांच्या जिवाला धोका असतो. पुढे 7,50,000 पौंडांचा दंड झाला, पण नावे परत घेता आली नाहीत.

म्हणून कोरी फाइल उघडा, द्यायचे तेवढेच स्तंभ फक्त मूल्ये म्हणून चिकटवा आणि सीएसव्ही स्वरूपात जतन करा. सीएसव्हीमध्ये एकाच शीटची साधी अक्षरे राहतात, दडायला जागा नसते. फक्त लपवलेले स्तंभ चिकटवताना सोबत आले नाहीत ना, हे स्तंभ मोजून पाहा. एखाद्या रकान्यात एक किंवा दोनच माणसे येत असतील तर रकाने एकत्र करा, आणि एकूण बेरजेतून वजा करून तो आकडा काढता येणार नाही याचीही खात्री करा.

चौथी पायरी : दुसऱ्याकडून तपासून घ्या

ज्याने झाकले त्याने तपासायचे नाही. आपण झाकले आहे हे त्याच्या मनाने आधीच मान्य केलेले असते. तयार फाइल सहकाऱ्याला द्या आणि त्याला तीन गोष्टी करायला सांगा : सगळा मजकूर निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवणे, झाकलेली नावे फाइलमध्ये शोधणे, आणि फाइलची माहिती उघडून लेखक, शीर्षक व जुने नाव पाहणे. छायाचित्र असेल तर ते कुठे काढले याची नोंद त्यात राहिली आहे का, तेही पाहा. याला दहा मिनिटे लागतात. घाई आहे म्हणून ही पायरी वगळायला मला वरिष्ठांनी सांगितले, तरी मी वगळत नाही.

पाचवी पायरी : नोंद ठेवून पाठवा

कोणत्या पानावर काय रोखले आणि कोणत्या नियमाखाली, हे प्रतीसोबत लिहून द्या, आणि पाठवलेली हुबेहूब प्रत जपून ठेवा.

पाठवल्यावर चूक लक्षात आली, तर ती जतन केलेली प्रत लगेच काढा आणि नेमके काय गेले याची यादी करा. मिळालेल्या व्यक्तीला फाइल पुसण्याची लेखी विनंती करा, फाइल संकेतस्थळावर असेल तर आधी उतरवा, आणि वरिष्ठांना त्याच दिवशी कळवा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणावर देखरेख करणाऱ्या नियामकाला कळवण्याची मुदत कमी असते. युरोपीय महासंघात ती साधारणपणे चूक कळल्यापासून 72 तासांची आहे. ज्यांची माहिती गेली त्यांना कळवणारे पत्र साध्या भाषेत लिहा : काय गेले, कधी गेले, कोणाकडे गेले, आम्ही काय केले, आणि तुम्ही कोणाशी बोलू शकता. ‘काही तपशील अनवधानाने उघड झाले असण्याची शक्यता आहे’ असे मोघम वाक्य त्यात नको. पत्ता गेला असेल तर पत्ता गेला असेच लिहा, कारण त्या माणसाला त्याच रात्री दाराला कडी लावताना ते माहीत असणे गरजेचे असते.