भाड्याचा पूर्वेतिहास नसलेल्या अर्जदाराला घर द्यायचं का, हे कसं ठरवावं

अर्जदाराकडे आधीच्या घरमालकाचा दाखला नाही, क्रेडिट स्कोअर नाही, नोकरीही नुकतीच लागलेली. एवढं ऐकून बरेच घरमालक तिथेच नकार देतात. मला ते अन्यायाचं वाटतं, आणि त्यात घरमालकाचंही नुकसान आहे. नोंद खराब असणं वेगळं आणि नोंदच नसणं वेगळं. पहिल्यांदा घराबाहेर पडलेला तरुण, दुसऱ्या देशातून आलेलं कुटुंब, आयुष्यभर स्वतःच्या घरात राहिलेली आणि आता भाड्याचं घर शोधणारी व्यक्ती, यांच्या नावावर भाडं बुडवल्याची नोंद नसते, तशी भरल्याचीही नसते. तुम्हाला हवी ती खात्री मग दुसऱ्या मार्गाने मिळवावी लागते.

१. निकष आधी लिहून ठेवा

जाहिरात देण्यापूर्वीच उत्पन्न, कागदपत्रं आणि अनामत रक्कम यांविषयीच्या अटी कागदावर उतरवा आणि सगळ्या अर्जदारांना त्याच लावा. भाडं मासिक उत्पन्नाच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत असावं, हा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा अंदाज आहे. निकष लिहिलेले नसले की चेहरा, आडनाव, बोलण्याची ढब यांवरून मत बनत जातं. धर्म, वंश किंवा लिंग पाहून घर नाकारायला अनेक देशांत कायद्याने मनाई आहे.

२. पर्यायी पुरावा मागा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तीन ते सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट पाहा. जमा झालेला पगार सॅलरी स्लिपवरच्या निव्वळ रकमेशी जुळतो का? महिनाअखेरीला खात्यात काही उरतं का? अर्जाच्या तोंडावर एकदम मोठी रक्कम आली असेल, तर ती कुठून आली हे सरळ विचारा. फोनचं बिल, कर्जाचा हप्ता, वसतिगृहाची फी यांतलं काही नेमाने भरलेलं दिसलं, तर दर महिन्याला पैसे भरायची सवय आहे हे कळतं. भाड्याच्या पावत्यांमधूनही आपण तेच शोधत असतो.

नोकरी नवी असेल तर नियुक्तीपत्र आणि रुजू होण्याची तारीख पाहा. खातरजमा करताना अर्जदाराने दिलेल्या नंबरवर फोन करू नका. कंपनीचा नंबर स्वतः शोधून काढा. स्वतंत्र व्यवसाय असेल तर कर विवरणपत्रं मागा, शक्यतो दोन वर्षांची.

अर्जदाराविषयी विचारपूस करायला वसतिगृहाचे व्यवस्थापक, प्राध्यापक किंवा कामावरचे वरिष्ठ चालतील. ‘माणूस कसा आहे?’ असं विचारलं की उत्तर ‘चांगला आहे’ असंच येतं. त्याऐवजी पैसे वेळेवर भरले का, तक्रारी आल्या का, पुन्हा जागा द्याल का, असं विचारा. शेवटच्या प्रश्नावर समोरचा थबकला, तर कारण विचारा.

३. उरलेली जोखीम करारात बांधा

जामीनदार घेत असाल तर त्याचंही उत्पन्न तपासा आणि तो नेमकी कशाची हमी देतोय ते लेखी घ्या. काही मित्र मिळून राहणार असतील, तर पूर्ण भाड्याची जबाबदारी प्रत्येकावर राहील असं कलम टाका. पहिला करार कमी मुदतीचा करता येतो. जास्त अनामत मागण्याआधी तुमच्याकडचा कायदा बघा, कारण अनेक ठिकाणी तिला कमाल मर्यादा असते. हे सगळे उपाय एकाच माणसावर लादू नका. जी उणीव असेल तिच्यापुरता एखादा उपाय पुरे होतो.

४. कुठे थांबायचं

कागदपत्रांतल्या तारखा किंवा रकमा जुळत नाहीत आणि समाधानकारक खुलासाही मिळत नाही. ओळखपत्राची मूळ प्रत दाखवायला टाळाटाळ होते. पडताळणी टाळून कित्येक महिन्यांचं भाडं रोख देण्याची घाई दिसते. अशा वेळी कितीही सहानुभूती वाटली तरी नाही म्हणा. हा प्रश्न इतिहासाच्या अभावाचा नाही, सचोटीचा आहे.

५. निर्णय कळवा

होकार असेल तर अटी लेखी कळवा आणि किल्ली देताना दोघांनी मिळून घराच्या स्थितीची फोटोंसह यादी करून तिच्यावर सह्या करा. नकार असेल तर लवकर सांगा, कोणता निकष पूर्ण झाला नाही तेही सांगा, म्हणजे त्याला पुढच्या ठिकाणी तयारीने जाता येईल. त्याच्या कागदपत्रांच्या प्रती कायद्याने ठेवाव्या लागत असतील तेवढाच काळ जपून ठेवा, मग नष्ट करा. फोनमध्ये काढलेले कागदपत्रांचे फोटोही पुसायला विसरू नका.