‘ली’ दिसलं की क्रियाविशेषण? जरा थांबा

ऐरोलीतल्या एका मुलाखतीत मी छाती फुगवून सांगितलं, ‘आय वर्क हार्डली.’ समोरच्या बाई गालातल्या गालात हसल्या. का, ते ठाण्याच्या लोकलमध्ये बसल्यावर उमगलं. ‘मी जेमतेमच काम करतो,’ असं सांगून आलो होतो. म्हणायचं होतं ‘आय वर्क हार्ड.’

शेवटी ‘ली’ ते क्रियाविशेषण, हे शाळेतलं सूत्र अर्धंच खरं. स्लोली, क्विकलीला चालतं. पण फ्रेंडली, लव्हली, लोनली ही विशेषणं. उलट हार्ड, फास्ट, लेट यांना शेपटाची गरजच नाही. लेटली म्हणजे तर ‘अलीकडे’!

म्हणून शेपूट सोडा, आधी क्रियापद शोधा. मग त्याला विचारा : कसं? कधी? कुठे? कितीदा? ‘द फास्ट लोकल अराइव्ड लेट’ हे वाक्य घ्या. आली कधी? लेट. हे क्रियाविशेषण. ‘फास्ट’ मात्र कोणती लोकल ते सांगतो, म्हणून विशेषण. आता ‘द लोकल रॅन फास्ट’ म्हणा. धावली कशी? फास्ट. तोच शब्द इथे क्रियाविशेषण झाला.

क्रियापदाकडे उत्तर नसेल, तर शेजारचं विशेषण बघा. ‘व्हेरी क्राउडेड’मधला व्हेरी गर्दी किती ते सांगतो, तोही क्रियाविशेषणच.

वापरताना खरी आडवी येते ती आपली मराठी. ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ असं आपण विशेषणावरच भागवतो, म्हणून तोंडातून ‘शी सिंग्ज गुड’ निघतं. तिथे ‘वेल’ हवं. जागेचंही तसंच. ‘ती इंग्रजी छान बोलते’ यात छान क्रियापदाला चिकटलेलं. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये ते घुसवायचं नाही. ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल.’

ऑल्वेज, युज्वली, नेव्हर हे मुख्य क्रियापदाआधी येतात : ‘आय ऑल्वेज टेक द वाशी ट्रेन.’ ॲम, इज, आर असेल तर त्यानंतर : ‘द ट्रेन इज ऑल्वेज लेट.’ (इथला ‘लेट’ विशेषण बरं का, गाडी कशी आहे, ते सांगतोय.)

सरावाला ठाणे-वाशी लोकल उत्तम. कोपरखैरणे येईपर्यंत डब्यातल्या पाच जणांवर मनात एकेक वाक्य जुळवा : कोण कसं झोपलंय, कोण फोनवर कसं बोलतंय. ‘लाउडली’ तर दिघ्याआधीच लागेल.