रॅम वाढवताय? या चुका टाळा

लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुकानात दहा मिनिटं उभे राहा, एक प्रश्न हमखास कानावर येतो: "याच्यापेक्षा फास्ट नाही का?" विचारणाऱ्याच्या मशीनमध्ये आत्ता किती रॅम आहे, कामाला किती लागते, मदरबोर्ड किती वेग उचलतो, यांतलं काहीही तो पाहून आलेला नसतो. डब्यावरचा मोठा आकडा बघून पैसे मोजतो आणि ग्रँट रोड स्टेशन गाठतो. आठवड्याभरात ते मशीन माझ्याकडे येतं. गिरगावात १८ वर्षं हे काम करतोय आणि अजूनही मला याचं वाईट वाटतं, कारण बहुतेकांचा हा पैसा कष्टाचा असतो.

जागा अपुरी, आणि विकत घेतला वेग

ही सगळ्यात महागडी चूक. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरअखेरीला एका डीटीपी करणाऱ्या ताईंचा फोन आला. तीन दिवाळी अंकांची पानं त्यांच्याकडे लागत होती. "दादा, नवीन रॅम टाकली आणि मशीन आणखीच हळू झालं." मला वाटलं, कामाच्या ताणामुळे तसं वाटत असेल. जाऊन पाहिलं, तर त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं.

मशीन आठव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचं, एच३१० मदरबोर्ड, रॅमचे स्लॉट दोनच. आधी त्यांत ४ जीबीच्या दोन स्टिक, म्हणजे रॅमच्या पट्ट्या होत्या, २६६६ वेगाच्या. भाच्याने सांगितलं म्हणून त्या दोन्ही काढून ८ जीबीची एकच, ३२०० ची, दिव्यांची स्टिक बसवली. म्हणजे जागा होती तेवढीच राहिली. तो बोर्ड आणि तो प्रोसेसर २६६६ च्या वर जातच नाहीत, त्यामुळे वेगही वाढला नाही. वर दोनाची एक स्टिक झाल्याने ड्युअल चॅनल, म्हणजे दोन स्टिकमधून एकाच वेळी माहिती आणायची सोय, गेलं. २६६६ ची एक स्टिक सेकंदाला साधारण २१ जीबी माहिती देऊ शकते, दोन असल्या की त्याच्या दुप्पट. ताईंनी पैसे देऊन निम्मा रस्ता बंद करून घेतला होता.

आणि मूळ दुखणं तर वेगळंच होतं. इनडिझाइन, फोटोशॉप, कोरल आणि ब्राउझर एकदम उघडे असत. ८ जीबी त्यांना पुरतच नव्हती. उरलेलं सगळं विंडोज हार्ड डिस्कवर टाकत होतं आणि लागेल तेव्हा परत आणत होतं.

चाळीतलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे माळा. ओटा भरला की डबे माळ्यावर जातात आणि प्रत्येक वेळी स्टूल लावून चढावं लागतं. रॅममधली गोष्ट मिळायला १०० नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात. एसएसडीला, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कला, त्याच्या हजारपट, फिरत्या हार्ड डिस्कला लाखपट. २६६६ वरून ३२०० वर गेलात तर कागदावर २० टक्के मिळतात. माळ्यावरच्या फेऱ्या चालू असतील, तर त्या २० टक्क्यांना काही अर्थ नाही.

उघडलेला डबा परत होत नाही, म्हणून तीच स्टिक ठेवली आणि शेजारी ८ जीबीची साधी २६६६ ची बसवली. दोन्ही २६६६ वर चालू लागल्या. एकूण १६ जीबी, ड्युअल चॅनलही परत आलं. अंक वेळेत छपाईला गेले.

माझी सवय सांगतो. दुकानात जायच्या आधी, ऐन गर्दीच्या वेळी, रोजचं सगळं काम उघडं ठेवून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहा. "कमिटेड"चा पहिला आकडा तुमच्या रॅमपेक्षा बराच मोठा असेल आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाताना डिस्क १०० टक्क्यांवर अडकत असेल, तर जागा वाढवा, वेगाचं नावही काढू नका. निम्मीच रॅम वापरात असूनही मशीन रखडत असेल, तर रॅमला दोष देऊ नका. विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल, तर आधी एसएसडी घ्या. वेग आणि स्लॉट किती भरलेत हेही त्याच पानावर लिहिलेलं असतं. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

टॅली, ईमेल, ब्राउझर यांना आज मी १६ जीबीच सांगतो. व्हिडिओ एडिटिंग असेल तर ३२.

वेगाला मोल नाही असं मात्र समजू नका. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरवर गेम खेळायचे असतील, तर चित्रं काढायलाही हीच रॅम वापरली जाते. तिथे एकसारख्या दोन वेगवान स्टिकचा फरक डोळ्यांना दिसतो.

नुसता मेगाहर्ट्झ बघणं

सीएल हाही आकडा वाचा, म्हणजे माहिती मागितल्यावर रॅम किती ठोके थांबते ते. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा; उत्तर जितकं कमी तितकं चांगलं. ३२०० सीएल१६ चे १० नॅनोसेकंद होतात, ३६०० सीएल१८ चेही १०. ३२०० सीएल२२ चे मात्र पावणेचौदा.

बायोसमध्ये न जाणं

बायोस म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगचं पान. तिथे एक्सएमपी किंवा एक्स्पो ही डब्यावरच्या वेगाची सेटिंग चालू केल्याशिवाय वेगवान रॅम सहसा डब्यावरच्या वेगाने चालत नाही. आणि मशीनची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड प्रोग्राममध्ये ३२०० च्या जागी १६०० दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा माहिती, १६०० बरोबर आहे.

घाई

नवशिक्यांची ही सवय मला खरोखर त्रास देते. डोंबिवलीचा एक मुलगा नवं डीडीआर५, म्हणजे रॅमच्या नव्या पिढीचं, मशीन उचलून लोकलने माझ्याकडे आला. "काका, बोर्ड गेला, स्क्रीन काळीच राहते." अर्ध्या मिनिटात काही दिसलं नाही की तो बटण दाबून बंद करायचा, स्टिक काढून परत लावायचा. असं त्याने दिवसभर केलं. डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात. मी स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये नीट बसवल्या, बटण दाबलं आणि त्याला चहा प्यायला नेलं. परत आलो तेव्हा स्क्रीनवर बायोस होतं. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं.

अजून काही, थोडक्यात. डीडीआर३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. स्टिक जात नसेल तर जोर लावू नका. जुन्या लॅपटॉपला बरेचदा १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, १.५ ची साधी नाही. पातळ लॅपटॉपमध्ये अनेकदा रॅम बोर्डावरच जोडलेली असते, आधी मॉडेल तपासा. ३२ बिट विंडोज १० ला ४ जीबीच्या वर काही वापरता येत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने स्टिकच्या सोनेरी कडा मळतात आणि मशीन नुसतं बीप देत राहतं. नवी रॅम घ्यायच्या आधी वायर काढा, लोखंडी भागाला हात लावा, स्टिक काढा, मऊ पांढऱ्या खोडरबराने कडा हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि दोन्ही बाजूंनी खट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवा. काही बोर्डांवर एकाच बाजूला खिटी असते, तिथे दुसरी बाजू डोळ्यांनी तपासा.

नवी रॅम बसवली की मी रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ लावून ठेवतो. एक जरी चूक निघाली तरी स्टिक दुसऱ्या दिवशी दुकानात परत. तोवर जुन्या स्टिक विकू नका, आणि बिल तर फेकूच नका.