आधी पाण्याचं वीजबिल काढा : गावाचा कार्बन कमी करायचा तो असा

गावाचा कार्बन कमी करायचा म्हटलं की सगळ्यांत आधी खड्डे खणले जातात. ५ जूनला रोपं लागतात, फोटो निघतात आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप. मराठवाड्यात झाडं हवीतच, पण सुरुवात नगर परिषदेतल्या किंवा ग्रामपंचायतीतल्या वीजबिलांच्या फायलीपासून करा.

मागच्या बारा महिन्यांची बिलं मागून घ्या. पाणीपुरवठ्याची वेगळी लावा, पथदिव्यांची वेगळी. रुपये नव्हे, युनिट बघा. आपल्याकडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, घंटागाडीच्या आणि टँकरच्या डिझेलमागे लीटरला २.७ किलो. गुणाकार करा, वहीत मांडा. दुपारभराचं काम आहे, त्यासाठी सल्लागार नेमायची गरज नाही.

पाण्याचा आकडा बहुधा सगळ्यांत जड निघेल. आपलं पाणी लांबून येतं आणि चढ चढून येतं: छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या नाथसागरातून, धाराशिवला थेट उजनीतून. २०१६च्या उन्हाळ्यात तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. हजार लीटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला, पंप बरा असला तरी, अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते. म्हणजे फुटलेल्या व्हॉल्व्हमधून रस्त्यावर जातं ते नुसतं पाणी नसतं, आधीच जाळलेला कोळसाही असतो.

म्हणून पहिला करार पाण्याचा. नगर परिषदेनं गळती असलेल्या व्हॉल्व्हची यादी करून ती दुरुस्तीच्या तारखांसह लावावी. कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी, किती वाजता नळ येणार ते आदल्या दिवशी सांगावं. बदल्यात लोकांनी घरोघरी तोट्या बसवाव्यात आणि नळाला थेट जोडलेल्या टिल्लू मोटारी काढाव्यात. टिल्लूनं वीज तर जातेच, शेवटच्या घराचं पाणीही ओढलं जातं. पण क्रम उलटा करू नका. आठ दिवसांनी आणि तेही मध्यरात्री नळ येत असेल, तर टिल्लू कोण काढेल? आणखी एक सवय आपल्या सगळ्यांचीच आहे. नळ आला की टाकीतलं ‘शिळं’ पाणी ओतून द्यायचं. झाकून ठेवलेलं पाणी लगेच शिळं होत नाही. अगदीच प्यावंसं वाटत नसेल तर धुण्याला वापरा, डासांसाठी भांडं मात्र आठवड्याला घासून कोरडं करा.

जलशुद्धीकरण केंद्रावर जागा असेल तर तिथं सौर पॅनेल लावावेत आणि जमेल तितका उपसा दिवसा करावा. जुना पंप किती वीज खाऊन किती पाणी देतो, हेही एकदा मोजून घ्यावं.

पथदिव्यांचं काम सोपं. प्रत्येक खांबाला क्रमांक रंगवा. दिवसा दिवा जळताना दिसला की ज्याला दिसेल त्यानं क्रमांक व्हॉट्सॲपवर टाकायचा. ९० वॅटचा एक दिवा वर्षभर दिवसाही चालू राहिला तर चारशेच्या आसपास युनिट फुकट जातात.

घरांच्या छतांसाठी पीएम सूर्यघर योजना आहे. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन किंवा त्याहून जास्तला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॅटचा संच वर्षाला सुमारे टनभर कार्बन डायऑक्साइड वाचवतो. लोक अडतात ते कागदपत्रांपाशी: मीटर आजोबांच्या नावावर, घर चुलत्यांच्या सामाईकात. नगर परिषदेनं वॉर्डात एक दिवस टेबल टाकून महावितरण आणि बँकेच्या माणसांना एकत्र बसवलं, तर महिन्यांची पायपीट वाचेल. पत्र्याच्या आणि माळवदाच्या घरांना मात्र हे जमेलच असं नाही. त्यांना पंखा बदलायला सांगा. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी विजेच्या मोटारीचा नवा पंखा ३० ते ३५.

गायरानावर सौर प्रकल्पाचा ठराव आला तर थांबा. सातबाऱ्यावर मोकळं दिसणारं गायरान कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या कसत असतं, तिथं कोणाच्या तरी शेळ्या चरत असतात. ग्रामसभेत आधी त्यांना बोलू द्या.

कचऱ्याचं गणित वेगळं. ओला कचरा ढिगाखाली दबला की मिथेन तयार होतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. वर कोणी ढीग पेटवला की धूर गावात. घरात दोन डबे ठेवा हे सगळेच सांगतात, पण घंटागाडीत दोन कप्पे नसतील तर डब्यांना अर्थ नाही. बायका रोज वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र पडताना बघतात आणि आठवड्यात वेगळा करणं सोडतात. आधी गाडी सुधारा, मग खतखड्डा, मग दंड. बक्षिसाचा मार्ग दंडाआधी वापरून बघा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीनं कर भरणाऱ्यांना दळण मोफत दिलं, तसं काही ओला कचरा घरीच जिरवणाऱ्यांसाठी करता येईल.

शिवारात पाचट, पऱ्हाट्या, तुराट्या पेटवू नका. पाचट सरीत कुजवा. पऱ्हाटीसाठी ग्रामपंचायतीनं एक कुट्टी यंत्र भाड्यानं फिरवलं तरी पुरे.

आता झाडं. शंभर रोपं लावण्यापेक्षा दहा कडुलिंब, चिंच, वड जगवा. प्रत्येक झाड एका घराच्या नावावर द्या आणि एप्रिल-मेचं पाणी कुठून येणार ते खड्डा खणण्याआधी ठरवा. टँकरनं घालणार असाल तर ते डिझेलही वहीत लिहा.

आणि ती वही कपाटात ठेवू नका. दर महिन्याचा एकूण आकडा पारापाशी फळ्यावर खडूनं लिहा. मेमध्ये टँकर सुरू झाले की तो फुगेल, तेव्हाही लिहा. फक्त मेची तुलना एप्रिलशी करू नका, मागच्या मेशी करा.