'टेक द स्टँड' लिहिताना या चुका टाळा

कोर्टाची बातमी असो की सबटायटल, 'टेक द स्टँड' दिसलं की नवीन अनुवादक डोळे झाकून 'ठाम भूमिका घेतली' ठोकून मोकळे. अरे बाबांनो, ते 'टेक अ स्टँड'. 'द' असेल तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन शपथेवर साक्ष देणं, विषय संपला.

मागे अमेरिकन फुटबॉलचा माजी खेळाडू ओ. जे. सिम्प्सनच्या खटल्यावरचा मजकूर तपासायला आला होता माझ्याकडे. १९९५ च्या खुनाच्या खटल्यात तो साक्षीला आलाच नाही, अमेरिकेत आरोपीवर तशी सक्ती करता येत नाही, आणि ज्युरीने त्याला सोडलं. आमच्या पठ्ठ्याने लिहिलेलं, 'सिम्प्सनने शेवटपर्यंत ठाम भूमिका घेतली नाही'. भर कोर्टात 'शंभर टक्के निर्दोष' म्हणणारा माणूस आणि म्हणे भूमिका नाही! पुढे मृतांच्या घरच्यांच्या दिवाणी दाव्यात १९९६ ला त्याला साक्ष द्यावीच लागली, तर तिथे 'अखेर सिम्प्सनने भूमिका घेतली', म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार गुन्हा कबूल केला की काय. विचारलं तर म्हणे सर, ॲपने तसंच दिलं, डेडलाइन होती. मागचं-पुढचं एकेक वाक्य वाचायला कितीसा वेळ लागतो हो? घाई यांची आणि निस्तरायचं आम्ही.

मी आधी कोर्ट चालू आहे का ते बघतो, मग 'अ' की 'द'. इंग्रजी मथळ्यात हे दोन्ही गाळतात, त्यामुळे मथळ्यावरून अर्थ ठरवायचाच नाही, खालची बातमी वाचायची.

पोलिसांपुढे दिला तो जबाब, त्याला 'टेक द स्टँड' वापरू नका.

'उभा राहिला' पण जपून, अमेरिकेत साक्षीदार खुर्चीत बसून बोलतो.

ब्रिटिश पेपरात हे कमी दिसेल, तिकडे 'गिव्ह एव्हिडन्स' चालतं.

आणि आपल्याकडचे इंग्रजी पेपर लिहितात 'डिपोज्ड', त्याची वेगळीच गंमत. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईवरच्या २६/११ हल्ल्याच्या कटातल्या डेव्हिड हेडलीने माफीचा साक्षीदार म्हणून अमेरिकेतून व्हिडिओवर मुंबईच्या कोर्टात साक्ष दिली, तिथे डिपोज्ड म्हणजे साक्ष दिली. पण तोच शब्द राजाला गादीवरून खाली खेचलं तरी वापरतात, तेव्हा ॲपवाल्यांनो, हेडलीला पदच्युत करून ठेवू नका.